चित्रकलेच्या तासाला बघायचं कधी?

मुलांना चित्रं काढू द्या, रंगात हात बुडवू द्या, पण कलेचा इतिहास त्यांच्या माथी मारू नका, असं म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यात चांगले चित्रकार आहेत, तळमळीचे शिक्षकही आहेत. मुलाची नजर उपजत ताजी असते, सनावळ्या आणि शैलींची नावं शिकवली की ती मरते, माहिती काय मोठेपणी मिळेलच, असं त्यांचं म्हणणं.

यामागचा राग मला समजतो. शाळेत कलेचा इतिहास म्हणून जे येतं ते बहुधा चार ओळींचं टिपण असतं: अमुक राजवटीत अमुक लेणी खोदली, तिथली शिल्पं अप्रतिम आहेत. उत्तरपत्रिकेत ‘अप्रतिम’ लिहिलं की गुण मिळतो, लेणं बघायची गरज उरत नाही. पण यात इतिहास कुठे आला? हे विशेषणांचं पाठांतर झालं. त्याचा दोष इतिहासाच्या पदरात घालणं अन्यायाचं आहे.

उपजत नजरेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आठवी-नववीच्या मुलांना एकदा वीरगळापुढे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपुढे, उभं करावं. देवळाबाहेर, पाराला टेकवून ठेवलेला, कधी शेंदूर तर कधी ऑइलपेंट फासलेला दगड. मुलं म्हणतील, मारामारी आहे, बायका आहेत, देव आहे. तिथेच नजर थांबेल, आणि त्यात मुलांची काही चूक नाही. आता एवढंच सांगा, की हा दगड खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आहे. त्याच्याजवळ गुरं कोरलेली असतील तर गावचं गोधन राखताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर तोच माणूस शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. शेजारच्या शिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्यांचा हात असेल तर ती सतीची. एवढं कानावर पडलं की तीच मुलं दगडाला नाक लावतात. खालचा आणि वरचा माणूस एकच कशावरून, अप्सरा दोनच का, हे कोरायचे पैसे कुणी दिले, असे प्रश्न निघतात. शेवटचा प्रश्न तर पक्का इतिहासकाराचा आहे.

दर वेळी उत्तर तयार असतं असंही नाही. बोरिवलीत एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर जहाजं आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत. समुद्रावरची लढाई दगडात कोरलेली आहे. ती कुणाची? बरेच अभ्यासक तेराव्या शतकातल्या यादव-शिलाहार संघर्षाशी तिचा संबंध जोडतात, पण एकमत नाही. जाणत्यांचंही इथे अडतं, हे मुलांना कळायला काय हरकत आहे? मुंबईतल्या किती शाळांच्या सहली एकसरला थांबतात, ते विचारून पाहावं.

दुसरा आक्षेप सरकारी छापाचा आहे: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आहेत की! आहेत, आणि त्यांनी हाताला वळण लागतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथले विषय पाहा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. दुसऱ्या कुणी काढलेलं चित्र बघा आणि त्याविषयी दोन ओळी लिहा, असं एकाही पेपरात नाही. गाणं शिकणाऱ्या मुलाला जन्मात कुणाचं गाणं ऐकू द्यायचं नाही, तशातला हा प्रकार. स्मरणचित्राची गत तर विचारू नका. भाजीमंडई, बसथांबा, जत्रा ही चित्रं क्लासमध्ये घोटून घेतली जातात. फुगेवाला दर कागदावर त्याच कोपऱ्यात, तीच मान वळवून उभा. स्मरण असतं ते सरांच्या चित्राचं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही खूश.

उरला संग्रहालयं फक्त मोठ्या शहरांत असतात, हा बहाणा. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ही आहे. तेही लांब पडत असेल तर घरातली भिंत बघा. कॅलेंडरवरची कमळात उभी लक्ष्मी रविवर्म्याच्या वळणाची आहे. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून हे देव घरोघर पोचले. त्या छापील लक्ष्मीशेजारी वेरूळच्या कैलास लेण्यातल्या गजलक्ष्मीचा फोटो ठेवा. आठव्या शतकातली ही लक्ष्मी कमळांच्या तळ्यात बसली आहे आणि हत्ती वरून घड्यांनी तिला न्हाऊ घालताहेत. रविवर्म्याकडे ती उभी राहिली, अंगावर साडी-चोळी आली, मागे दूरवर जाणारं पाणी आलं, आणि हत्तीच्या सोंडेत घड्याऐवजी हार आला. अभिषेक का गेला? साडी कुणाची बघून काढली असेल? दूर जाणारं पाणी रंगवायला तो कुठून शिकला? एका तासाला एवढं पुष्कळ झालं, आणि याला खर्च येतो एका झेरॉक्सचा. रंगीत हवी, एवढंच.

हे शिकवणार कोण, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे: चित्रकलेचे शिक्षक. आज आपण त्यांना फलकलेखन, रांगोळी आणि स्नेहसंमेलनाच्या पडद्यांना जुंपतो. इतिहासाच्या बाई आणि ते मिळून महिन्यातून एक तास घेऊ शकतात. आणि परीक्षेशिवाय आपल्याकडे कशालाच किंमत नसेल, तर ग्रेड परीक्षेत एक अर्ध्या तासाचा पेपर वाढवावा. मुलांनी आधी न पाहिलेलं चित्र किंवा शिल्प द्यावं, काय दिसतं ते लिहायला सांगावं, मग काय वाटतं आणि ते कशावरून, ते विचारावं. विशेषणाला गुण देऊ नयेत, ‘कशावरून’ला द्यावेत. गाइड छापणाऱ्यांची थोडी अडचण होईल, ती त्यांची त्यांनी सोडवावी.