धरणाचा अहवाल ग्रामसभेत वाचा!

मांजरा, तेरणा, मानार, लेंडी, पैनगंगा आणि गोदावरीकाठच्या गावकऱ्यांनो,

आपल्या वरच्या अंगाला जे धरण आहे त्याची पावसाळ्याआधी तपासणी झाली का? झाली असेल तर काय दोष निघाले? रात्री-अपरात्री सगळे दरवाजे उचलायची वेळ आली तर लेकराबाळांना घेऊन कोणत्या वाटेने निघायचे? लातूर-नांदेडच्या नदीकाठी कोणालाही हे विचारा, उत्तर मिळत नाही. ते मिळालेच पाहिजे, यासाठी हे पत्रक आहे.

धनेगावचे मांजरा धरण 1980 च्या सुमारास उभे राहिले. साठा 224 दलघमी. एप्रिल 2016 मध्ये ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्याची धास्ती अजून कोणाच्या मनातून गेलेली नाही. म्हणूनच धरण काठोकाठ भरावे असे आपल्याला वाटते आणि अधिकाऱ्यांवरही तोच दबाव असतो. पण आपल्याकडचा पाऊस जून-जुलैत वाट पाहायला लावतो आणि सप्टेंबरात, धरण भरत आल्यावर, एका रात्रीत झोडपून काढतो. 28 सप्टेंबर 2021 ला तेच झाले. मांजराचे अठराही दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, माणसांना पुरातून बाहेर काढायला बचाव पथके आणावी लागली.

कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे याचे वेळापत्रक ठरलेले असते. ते पाळले तर पाणी आधीपासून थोडे थोडे सोडता येते. मग हे वेळापत्रक काठच्या गावांच्या भिंतीवर का लिहिले जात नाही? तहानेची भीती खरी आहे, पण त्या भीतीपोटी काठोकाठ भरलेल्या पाण्याचा सगळा भार आता जुन्या झालेल्या भरावावर आणि दरवाजांवर पडतो. कंधार तालुक्यातले बारूळचे मानार धरण आणि ज्यांचे पाणी शेवटी नांदेडला येते ती पूर्णेवरची येलदरी-सिद्धेश्वर, ही सगळी साठच्या दशकातली आहेत.

मातीचे धरण एका दिवसात म्हातारे होत नाही. आत काळ्या मातीचा गाभा, वर मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. पिचिंगचे दगड निसटतात, तिथे लाटा माती खातात. भरावावर वेड्या बाभळी माजतात आणि त्यांची मुळे कुजली की आत पोकळ्या राहतात. सांडव्याच्या दरवाजांचे रबर झिजते, दोर गंजतात, आणि पुराच्या रात्री वीज गेली तर जनरेटर चालू होतो की नाही हे त्याच रात्री कळते. धरणाच्या पायथ्याच्या नालीतले पाणी पेल्यात धरून पाहा. स्वच्छ असेल तर तो नेहमीचा पाझर. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच. गढूळ असेल, किंवा पाऊस नसताना एकाएकी वाढले असेल, तर ते पाणी धरणाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडते आहे. त्याच दिवशी शाखा अभियंत्याला लेखी कळवा.

तिवरे आठवा. चिपळूण तालुक्यातले ते धरण पंधरा-वीस वर्षांचेच होते. गळती आहे अशी तक्रार गावाने आधीच केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! खेकडे बिळे करतात हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. ती बिळे शोधून बुजवणे हे ज्यांचे काम, त्यांनी ते केले नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना हे उत्तर ऐकावे लागले याची चीड आम्हाला आजही आहे.

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, तसेच मोठा पूर आणि भूकंप झाल्यावर तपासणी बंधनकारक आहे. आणीबाणीचा कृती आराखडा आणि संपूर्ण सुरक्षा मूल्यमापन यांसाठी पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे 30 डिसेंबर 2026. याआधीची स्थिती काय होती? कॅगच्या अहवालानुसार मार्च 2016 मध्ये देशातल्या 4,862 मोठ्या धरणांपैकी फक्त 349 धरणांचे असे आराखडे तयार होते.

आणि भूकंप आपल्याला नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी झाले. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडची माणसे घराबाहेर पळाली. त्यानंतर सिद्धेश्वर, येलदरी आणि इसापूरच्या भिंतींची तपासणी कोणी केली, काय आढळले? तो कागद लोकांसमोर ठेवा.

कायद्याबाहेर राहिलेल्यांचे काय? 1972 च्या दुष्काळात आपल्या आई-वडिलांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलेले पाझर तलाव आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. कमी उंचीमुळे बहुतेक तलाव या कायद्यात बसत नाहीत. पण फुटला तर खालची शेते खडकापर्यंत खरडून जातात.

धरण फुटणार अशी आवई आम्ही उठवत नाही. धरण सुरक्षित असेल तर अहवाल दाखवायला अडचण कसली? ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातली हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली, माणसे गेली. ते धरण नवे होते. पाणी दारात येण्याआधी खबर दारात आली पाहिजे, मग धरण नवे असो की जुने.

1 मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा: आमच्या वरच्या धरणाचा ताजा तपासणी अहवाल, पाणी सोडण्याचे वेळापत्रक आणि आणीबाणीचा आराखडा पाऊस सुरू होण्याआधी मराठीतून गावात वाचला जावा. ठरावाची प्रत जलसंपदा विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे, हे अर्जात ठळक लिहा. आणि हे पत्रक वाचून झाल्यावर खालच्या गावाला पाठवा.