इतिहास घे, पण एमपीएससीसाठी नको

दहावीचा निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर शिक्षणतज्ज्ञांचं संमेलन भरतं. यंदा विषय होता पुतणीचा. पोरीला ८४ टक्के पडूनही ती आर्ट्सला चालली आहे (त्यावर आधी एक मोठी फेरी झाली, ती इथे सोडून देतो) आणि आर्ट्समध्ये तिला इतिहास हवाय. झालं! काका म्हणाले, भूगोल घे, प्रॅक्टिकलचे मार्क हातचे असतात. आत्या म्हणाली, इतिहासात पाठांतर फार. शेवटी मोठ्या दादाने निकाल दिला: घेऊ द्या इतिहास, पुढे एमपीएससीला कामी येईल. सगळ्यांना पटलं. मला मात्र तिघांत दादाचंच सगळ्यात कमी पटलं, म्हणून हे लिहितोय. (दादा, तू वाचतोस हे माहीत आहे. चिडलास तर फोन कर, इथे कॉमेंट टाकू नकोस.)

काकांचं म्हणणं निदान सरळ आहे. मार्क हवेत, ते जिथे मिळतील तिकडे जा. दादाचं म्हणणं इतिहासाच्या बाजूचं वाटतं आणि इतिहासालाच मारतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला, त्या यादीत इतिहास आहे, हे सगळं खरं. पण जागा काही शे आणि अर्ज लाखांत! सोळाव्या वर्षी निवडलेल्या विषयाचं कारण बाविसाव्या वर्षाच्या परीक्षेत शोधायचं, आणि तीही बहुतेकांना न लागणारी. बरं, लागेलही एखाद्याला. पण मधल्या काळात तो पोरगा इतिहास वाचतो कसा? वाकाटक घराण्याचा संस्थापक कोण? विंध्यशक्ती. टिक करा, पुढचा प्रश्न घ्या.

आता हेच वाकाटक बघा. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे वाशिमच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि त्याचा अभिमानही असतो. पण ही शाखा होती हे मुळात कळलं कधी? १९३९ साली, वाशिमलाच ताम्रपट सापडला तेव्हा! त्याआधी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख अभ्यासकांसमोर होताच. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने तो कोरवून घेतलेला. पण त्यातल्या राजांची नावं नीट लागत नव्हती. ताम्रपट आला, वा. वि. मिराशींनी दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले आणि एक अख्खं राजघराणं जागेवर बसलं. म्हणजे ज्याचा आपण ‘हजारो वर्षांचा वारसा’ म्हणून फलक लावतो, ते माहीत होऊन अजून शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत. मला विचाराल तर मूळ गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त भारी आहे. त्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि गाव दान दिल्याचा मजकूर प्राकृतात. असं का? कोणी वाचावं म्हणून कोणती भाषा? हा प्रश्न अकरावीच्या पोरीला नक्की पडू शकतो. फक्त तो परीक्षेत येत नाही.

माझं भांडण इथे आहे. इतिहास घ्यायचा तो ‘तुला कसं माहीत?’ हे विचारायला शिकण्यासाठी. ते शिकायचं नसेल तर खुशाल भूगोल घ्या, तोही चांगला विषय आहे.

योगायोगाने न्यू जर्सीतल्या भाच्यासमोरही असाच प्रश्न आहे. तिकडे हायस्कुलात ए.पी. म्हणून कॉलेजच्या तोडीचे विषय असतात आणि इतिहासाचे तीन: जगाचा, युरोपचा, अमेरिकेचा. आपल्याकडे इतिहास एकच, घ्या नाहीतर सोडा. त्यांच्या जगाच्या इतिहासाची सुरुवात २०१९ पासून इ. स. १२०० ला होते, म्हणजे वत्सगुल्म तिथेही बाद :) त्याच्या आईने विचारलं की यातला स्कोरिंग कोणता. (सातासमुद्रापार गेलं तरी हा शब्द सुटत नाही.) मी म्हटलं, अमेरिकेचा घे, कारण त्यात कारंजा आहे. तिला वाटलं मी थट्टा करतोय. अगं, १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. भाव चढले. युद्ध संपलं, भाव कोसळले. पुढे कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे आली तीही कापसासाठीच. बारावीच्या आपल्या पुस्तकात युरोपातलं प्रबोधन आहे, वसाहतवाद आहे. तो धडा वाचताना कारंज्याचा बाजार डोळ्यांपुढे आणून देणारा मास्तर भेटला तर दोन्ही पोरं एकाच विषयावर फोनवर बोलू शकतील.

आता पुतणीच्या बापाचं म्हणणं. तो ग्रुपवर काही बोलला नाही. मला एकट्याला म्हणाला, “सगळं खरं रे भाऊ, पण पुढे काय?” सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाने हे विचारावंच. माझं उत्तर असं: आर्ट्स घ्यायचं ठरलं तिथेच तो प्रश्न विचारून झाला. इतिहासवाल्या बी.ए.ला आणि भूगोलवाल्या बी.ए.ला बाजारात फार वेगळा भाव नाही. मग ‘स्कोप’चा तराजू या दोन विषयांत कशाला लावायचा? जिथे तिचं डोकं चालतं तिथे ती जास्त अभ्यास करेल, एवढा एकच फरक उरतो आणि तो मोठा आहे.

आणि ते लेखी परीक्षेबाहेरचे वीस मार्क. प्रकल्प म्हणे! स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, वर फक्त नाव घालायचं. अरे, आपल्या जिल्ह्यात विषय काय कमी आहेत? इंग्रजांच्या काळात बासिम जिल्हा होता, १९०५ मध्ये मोडला, १९९८ मध्ये पुन्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत कचेरीच्या कामाला अकोल्याला जावं लागायचं, ते आठवणारी म्हातारी माणसं अजून घराघरांत आहेत. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर घ्या. दोन पंथांनी १९०५ मध्ये पूजेचं वेळापत्रक ठरवलं, तरी वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९८१ मध्ये कुलूप लागलं ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं. कोणाचं बरोबर हे पोरीने ठरवू नये. पण एकाच कागदातून दोन बाजू दोन अर्थ कसे काढतात हे तिने बघावं.

असो. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, त्यामुळे कॉलेजचे पसंतीक्रम भरायच्या आधी वडिलांना घेऊन एक चक्कर मारायला सांगितलंय. इमारत बघू नका, निकालाचा बोर्डही बघू नका. इतिहासाला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर कोणी येतो, ते विचारा. ग्रंथालयात मिराशींचं एखादं पुस्तक आहे का, आणि असलं तर ते कपाटातून बाहेर मिळतं का, तेही विचारा.