एक ‘पॉवर’, अनेक अर्थ

आपल्या पांडेसऱ्यात ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द घरोघरी रुळला आहे. वीज खंडित झाली की ‘पॉवर गेली’. यंत्रमाग म्हणजे ‘पॉवरलूम’. चष्मा बदलला की ‘पॉवर वाढली’. आणि एखाद्याची वरपर्यंत ओळख असली की ‘त्याची फार पॉवर आहे!’

परभाषेतील शब्द घेण्यात कमीपणा नाही. परंतु एकाच शब्दाने सारी कामे उरकू लागलो, की विचारही ढोबळ होतो. मराठीने हे अर्थ निरनिराळे ठेवले आहेत. ठराविक वेळात यंत्र किती कार्य करते, ती त्याची शक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. गणितात २ चा तिसरा घात ८ होतो. माणसांच्या बाबतीत तर आपली भाषा अधिकच चोखंदळ आहे. पदामुळे मिळतो तो अधिकार, राज्य चालविते ती सत्ता, भीतीने बसतो तो वचक, विश्वासाने येते ते वजन, आणि अंगी असते ते सामर्थ्य.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. आपल्याच सुरत जिल्ह्यातील बारडोलीचे उदाहरण पाहा. मुंबई सरकारने तेथील शेतसारा २२ टक्क्यांनी वाढविला. जमिनी व गुरेढोरे जप्त करण्याची सत्ता सरकारपाशी होती. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांपाशी ती नव्हती. होते ते एकजुटीचे व सहनशीलतेचे सामर्थ्य. त्यांनी सारा भरला नाही आणि हातही उगारला नाही. अखेर चौकशी झाली व वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. इंग्रजीत दोन्ही पक्षांकडे ‘पॉवर’च होती; मराठीत मात्र कोणाकडे काय होते, हे दोन शब्दांत स्पष्ट होते.

कोणी म्हणेल, संदर्भावरून अर्थ कळतोच. यंत्राविषयी बोलताना कळतो. माणसाविषयी बोलताना मात्र घोटाळा होतो. दरारा हीच थोरवी वाटू लागते आणि ज्याच्यापाशी पद नाही तो दुबळा ठरतो. दिवसभर मागावर उभा राहून मुलांना शिकविणाऱ्या बापाजवळ सत्ता नसेल; पण त्याला सामर्थ्यहीन कोण म्हणेल?

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, ‘त्याची पॉवर आहे’ असे ओठांवर आले, की क्षणभर थांबून स्वतःस विचारा : वचक, की वजन? सत्ता, की सामर्थ्य? नेमका शब्द सापडला, म्हणजे कोणापुढे मान लवावी हेही कळेल.