स्नेहाचा अव्हेर नको



उर्मट माणसाला ‘चरबी चढली आहे’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. चरबी म्हणजे काहीतरी त्याज्य, हा ग्रह असा भाषेतूनच मनात रुजतो. गेल्या हिवाळ्यात विज्ञानशिक्षक रजेवर असताना तो तास मजसारख्या कलाशाखेच्या पदवीधराकडे आला. स्निग्ध पदार्थांची उदाहरणे विचारली, तेव्हा एका विद्यार्थ्याने गुल्लीच्या तेलाचे नाव घेतले आणि वर्ग हसला. तो मान खाली घालून बसला. हसण्याजोगे त्यात काय होते?

परसवाड्याच्या परिसरात मोहाची फुले वेचून झाली, की पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच झाडाच्या बिया, म्हणजे गुल्ली, गोळा होतात. त्यांचे तेल थंडीत थिजते. माझ्या कोकणीभाषक घरात कोकमाच्या बियांचे भिरंडेल असे. ते तर एरवीही घट्टच. आई ते भेगाळलेल्या टाचांना लावी. या थिजण्यातच रचनेचा सारा धडा आहे. ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडल्या, की मेद तयार होतो. संपृक्त साखळ्या सरळ असतात. त्या एकमेकींना खेटून बसतात आणि मेद घट्ट होतो. असंपृक्त साखळीला बाक असतो. म्हणून जवसाचे तेल थंडीतही वाहते. गुल्लीच्या तेलात दोन्ही प्रकार भरपूर. म्हणून ते ऋतूप्रमाणे रूप पालटते.

आता मेदाचे कार्य पाहा. १ ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्टातून वा प्रथिनांतून ४. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे मेदाच्या सोबतीनेच शरीरात नीट शोषली जातात. पेशीचे आवरण तर मेदांच्याच दुहेरी थराचे असते: पाण्याची ओढ असलेली डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना, पाणी टाळणारी शेपटे मध्ये. हॉलंडमधील गोर्टर व ग्रेंडेल या संशोधकांनी हे १९२५ साली मांडले.

अतिरेकाने अपाय होतो, हे खरेच. तेला-तुपांतील ट्रान्स मेदावर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, ती योग्यच होय. परंतु दोष अतिरेकाचा आणि बिघडलेल्या रचनेचा. साऱ्या मेदजातीचा नव्हे, आणि गरिबाघरच्या बरणीचा तर नव्हेच.

तेल आणि माया या दोहोंना संस्कृतात एकच शब्द आहे: स्नेह. त्या विद्यार्थ्याचे उत्तर अचूक होते. तत्क्षणी त्याला शाबासकी देण्यास मी चुकलो; ती आज येथे देतो.