आगीशी खेळ, पण नियमाने!

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमध्ये एक वाद ठरलेला. 'फायर'चा आयटम ठेवायचा की नाही? मुलं म्हणतात, त्याशिवाय मजा नाही. स्टाफ म्हणतो, जबाबदारी कोण घेणार? दोघांचंही खरं आहे, पण बंदी हे उत्तर नाही. बंदी घातली की तोच खेळ रात्री टेरेसवर होतो, आणि तिथे ना सर असतात ना पाण्याची बादली!

हे फॅड गोव्याच्या बीचवरून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मलाही 'पोई' आधी कळलं आणि 'बनेटी' नंतर. दोन्ही टोकं पेटवून गरागरा फिरवायची काठी म्हणजे बनेटी, आपल्या मर्दानी खेळातली. गोंधळ्याच्या हातातला पोतसुद्धा आगच की! फरक एवढाच, की ती माणसं कुणाच्या तरी हाताखाली शिकतात आणि आपण व्हिडिओ बघून.

पोतावर तेल घालतात. खाण्याच्या तेलाची वाफ पेटायला साधारण ३०० अंश तापमान लागतं. रॉकेलला चाळिसाच्या आसपास. आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेते! रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून मुलं बाइकच्या टाकीतून पेट्रोल काढतात. तिथेच अर्धा अपघात झालेला असतो. पेट्रोल नको म्हणजे नकोच.

दुसरी गोष्ट फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सची. फिरणाऱ्या बोळ्यातून सुटलेला थेंब स्पर्शिकेच्या दिशेने जातो. म्हणजे चक्राच्या रेषेत बाजूला बसलेल्यांना धोका जास्त. म्हणून बोळा भिजवला की आधी न पेटवता, लांब जाऊन जोरात फिरवायचा, जादा रॉकेल झटकायचं आणि मगच काडी लावायची. रॉकेलचा डबा झाकण लावून दूर ठेवायचा.

कपडे सुती हवेत. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. केस बांधलेले, ओढणी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे खेळणारा नव्हे, तर ओलं गोणपाट घेऊन शेजारी उभा असलेला दोस्त! त्याने नजर हलवायची नाही, फोटो काढायचे नाहीत. तो नसेल तर आयटम कॅन्सल.

जागा मोकळीच हवी. २०२५ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये छपराखाली आतषबाजी झाली आणि २५ जीव गेले. पण मोकळी म्हणजे कुठलीही नव्हे. आपल्या सोमाटण्यात वारा कधी फिरेल सांगता येत नाही, आणि दिवाळीनंतर मावळातलं गवत इतकं वाळतं की डोंगरांवर वणवे लागतात. तेव्हा गवत काढलेलं मैदान, वारा असेल तर खेळ नाही.

तोंडातून रॉकेल उडवून जाळ काढणं मात्र कायमचं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉकेलचा थोडासा अंश जरी फुप्फुसात गेला तरी न्यूमोनिया होतो. त्यात कला कमी, नशीब जास्त.

एवढं करूनही भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नाही. मग १०८ ला फोन.

स्टाफला एकच विनंती. बंदीच्या नोटिशीऐवजी नियमांची नोटीस लावा, आणि दोन महिने न पेटवता सराव केलेल्यालाच परवानगी द्या. आणि मित्रांनो, तुम्हीही मान्य करा, नुसता बोळा दोन महिने फिरवायचा ज्याला कंटाळा येतो, त्याच्या हातात आग देण्यात अर्थ नाही. पटतंय का?