नगरपालिकेचा हिशेब आणि बाईची सही

दरवर्षी आठ मार्चला आपल्या महाविद्यालयात महिला दिन साजरा होतो. पाहुण्या म्हणून कधी डॉक्टरीणबाई येतात, कधी पोलीस अधिकारी, तर कधी एखाद्या नगरसेविका. शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात आणि मग आपण सारे कॅन्टीनकडे वळतो. नगरपालिकेच्या हिशेबखात्यात आयुष्य घालवलेल्या एखाद्या बाईला व्यासपीठावर बोलावल्याचे मात्र मला आठवत नाही. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असूनही! म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी थोरली मावशी सीमाभागातल्या एका पुरसभेत हिशेबखात्यात आहे. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. १९९० साली ती तिथे सेकंड डिव्हिजन असिस्टंट म्हणून लागली, तेव्हा त्या खात्यात ती एकटीच बाई होती. शाळा मराठीत झालेली, बी.कॉम. इंग्रजीत आणि कचेरीचा सारा कारभार कन्नडात. जमा, खर्च, बाकी हे शब्द कन्नडातही तेच, त्यामुळे तिथे काही अडले नाही. अडले ते 'तेरिगे' म्हणजे कर, 'लेक्कपत्र' म्हणजे हिशेबाचे कागद अशा शब्दांपाशी. अवघड शब्द ती बसच्या तिकिटांच्या पाठीमागे उतरवून आणी आणि रात्री शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांना विचारी. भाषेच्या वादात मी इथे शिरत नाही. त्यासाठी आपल्या अंकात दरवर्षी दोन लेख असतातच. एवढेच सांगते की, आज त्या कचेरीत कन्नड टिपणी सर्वांत नेमकी कोण लिहितो असे विचारले, तर शिपाईसुद्धा 'अक्का' असे उत्तर देतो.

तिच्या नोकरीतला खरा काळ २००६ नंतरचा. तोवर बहुतेक नगरपालिकांचा हिशेब एकेरी नोंदीचा असे. पैसा आला तो कॅश बुकात लिहायचा, गेला तोही लिहायचा, की काम झाले. गटार बांधून पुरे झाले, पण ठेकेदाराचे पैसे राहिले, तर ते देणे हिशेबात कुठेच दिसत नसे. घरपट्टीची मागणी, वसुली आणि थकबाकी डी.सी.बी. रजिस्टरात असायची खरी, पण थकलेली पट्टी हे नगरपालिकेचे येणे आहे असे दाखवणारा ताळेबंदच नव्हता. २००४ साली केंद्र सरकारने नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखा पुस्तिका काढली आणि २००६ साली कर्नाटकाने दुनोंदी हिशेबाचे नियम केले. आपण अकरावीत पहिल्या महिन्यात जे शिकतो, ते सरकारी कचेऱ्यांत तेव्हा कुठे पोचले!

पंचवीस-पंचवीस वर्षे कॅश बुक लिहिलेली मंडळी यामुळे गडबडली. नावे कोणते आणि जमा कोणते, इथपासून घोळ. खात्यात बी.कॉम. झालेली मावशी एकटीच, पण दर्जाने खालची. वरच्यांना शिकवायचे कसे? हेडक्लार्क तर उघडच म्हणत, "बाईंनी आम्हांला हिशेब सांगायचा काय?" तिने वाद घातला नाही. एकदा त्यांनाच विचारले, "साहेब, वाण्याच्या वहीत तुमची उधारी आहे ना? पैसे पगारानंतर देणार, पण देणे आजच झाले की नाही?" साहेब हसले म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन तिच्या टेबलाशी बसले. पुढे सहा महिने चारनंतर तिच्या टेबलाभोवती एक प्रकारचा वर्गच भरत असे. पद नाही, जादा भत्ता नाही. नेतृत्व या विषयावर आपल्याला मॅनेजमेंटच्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे आणि त्यात आलेख, चौकोन, बाण सारे आहे. माझ्या मते या टेबलाइतके त्यातून काही कळत नाही. सुपरिंटेंडंटची बढती तिला मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. एका गल्लीतल्या गटाराचे बिल तिच्याकडे आले. तिने जुने मेजरमेंट बुक काढून पाहिले, तर त्याच गटाराच्या काही भागाचे पैसे आदल्या वर्षीच दिलेले. तिने फाइलवर तसे लिहिले आणि जागेची पुन्हा मोजणी मागितली. त्या वेळी अध्यक्षपद महिलेसाठी राखीव होते. अध्यक्षाबाई कधी कचेरीत दिसत नसत. त्यांचे यजमान मात्र रोज येत. ते येऊन म्हणाले, "बाईंची सही मी आणून देतो, तुम्ही बिल सोडा." मावशी म्हणाली, "सही ज्यांची, त्यांनाच एकदा पाठवा. मला कागद दाखवायचे आहेत."

आणि अध्यक्षाबाई खरोखरच आल्या! हिशेबखात्याची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. मावशीने दोन्ही बुके समोर ठेवून तासभर मापे समजावली. त्या फारसे बोलल्या नाहीत. चहाही न घेता गेल्या. दोन महिन्यांनी बिल परत आले, ते कमी लांबीचे. त्याच वर्षअखेरीस मावशीची बदली जनन-मरण नोंदीच्या टेबलावर झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. चौदा महिन्यांनी बँकेशी हिशेब जुळेना, तेव्हा तिला परत बोलावले.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. कर्नाटकात तर १९८३ च्या कायद्यानेच मंडल पंचायत व जिल्हा परिषदेत पंचवीस टक्के जागा राखल्या होत्या आणि १९८७ साली त्याप्रमाणे निवडणुका झाल्या. हे मोठेच काम झाले. पण जागा मिळाली म्हणजे हिशेब वाचता आला असे होत नाही, आणि पैशाचा कागद दुसऱ्याने वाचून दाखवला की खुर्चीही हळूहळू त्याचीच होते. महानगरपालिकांचेच पाहा. १९७६ च्या कायद्याने महापौरपद एका वर्षाचे ठेवले, स्थायी समित्याही वर्षाच्याच. त्यांत एक समिती कर, अर्थ व अपील यांची आणि दुसरी खास लेख्यांची. एका वर्षात नवख्या सभासदाला अंदाजपत्रकाची पाने कळू लागतात न लागतात तोच मुदत सरते. त्यात ती बाई असेल, तर तिला समजावण्यापेक्षा तिच्या घरच्यांशी बोलणे कचेरीला सोपे वाटते. शपथविधीनंतर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या सभासदाला हिशेबखात्यात दोन दिवस बसवले पाहिजे, यजमानांना बाहेर ठेवून, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पंधराव्या वित्त आयोगाच्या अटी पाहाव्यात. २०२१ ते २०२६ या काळासाठी आयोगाने ठरवले की, ज्या नगरपालिकेचे हिशेब वेळेवर लोकांसमोर इंटरनेटवर मांडलेले नसतील तिला अनुदान नाही. आपल्यासारख्या दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला. म्हणजे हिशेबखात्यात ताळेबंद अडला, तर नळाचे पाणीही अडायचे.

मावशीचे सारेच बरोबर, असे मात्र मला म्हणायचे नाही. तिचा स्वभाव सारे स्वतःच करण्याचा. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की पाच टक्के सूट मिळते. त्या महिन्यात रांग दारापर्यंत जाते, आणि ही चलनेही स्वतः तपासत बसते. खात्यात आता आणखी दोन मुली आहेत. त्यांच्यावर ती पुरुषांपेक्षा जास्त रागावते. "आमची चूक झाली तर बाईची चूक म्हणतात," हे तिचे कारण. कारण खरे असेल, पण त्या मुलींतली एक मला म्हणाली, "अक्कांनी एकदाही आम्हांला वार्षिक लेखे एकट्याने करू दिले नाहीत." हे ऐकून मला वाईट वाटले. हेडक्लार्कला शिकवणाऱ्या बाईने या दोघींना का शिकवू नये? मी तिला विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वेळ कुठे मिळाला गं?"

तिची निवृत्ती आता जवळ आली आहे. आमच्या वर्गातल्या हुशार मुलींना विचारले, तर बँक, सी.ए., नाहीतर पुण्या-बंगळूरची कंपनी. पुरसभा म्हटले की नाक मुरडतात. माझे बाबाही बँकच म्हणतात. फर्स्ट डिव्हिजन असिस्टंटच्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका मी मावशीकडून मागून आणली आहे. कन्नडचा पेपर सोडवून पाहिला. 'लेक्कपत्र' बरोबर आले, तीन शब्द चुकले. यंदाच्या मार्चअखेरीला वार्षिक लेख्यांच्या वेळी त्या दोन मुलींबरोबर बसायला ये, असे तिने मला सांगितले आहे. त्या दोघींनाही तिने तसेच सांगितले आहे म्हणे.