पहिले बोन्साय : आधी घाईला कात्री

बंगळुरूच्या लालबागेत वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांना धरून, फुलांचे प्रदर्शन भरते. १८८९ मध्ये पायाभरणी झालेल्या काचघराभोवती माणसांची रीघ लागते. बागेतला बोन्सायचा विभाग पाहताना अनेकांच्या मनात येते, असे एक झाड आपल्याही बाल्कनीत हवे. मग सिद्दापूर दरवाजाकडच्या रोपवाटिकांमधून एक बुटके, जाड बुंध्याचे रोप घरी येते.

पुढच्याच रविवारी हौशी मंडळी कात्री, तार आणि नवी उथळ कुंडी घेऊन बसतात. दुपारपर्यंत फांद्या छाटल्या जातात, तारा गुंडाळल्या जातात, मुळे कापून झाड नव्या कुंडीत बसते. संध्याकाळी ते मोठे देखणे दिसते. तीन आठवड्यांनी पाने पिवळी पडून गळू लागतात आणि दोष जातो रोपवाटिकेला, हवेला किंवा घरातल्या कुणाच्या तरी हाताला गुण नसण्याला.

हवेला दोष देणे तर निव्वळ अन्यायाचे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे नागपूरचा उन्हाळा नाही आणि हिमाचलची थंडीही नाही. खरे कारण साधे आहे. मुळे पाणी घेतात, पाने अन्न तयार करतात. पाने काढली तर मुळांच्या जोरावर झाड पुन्हा फुटते. मुळे कापली तर पानांच्या जोरावर नवी मुळे धरते. दोन्ही एकाच दिवशी काढून घेतली, तर त्याने उभे राहायचे कशाच्या बळावर? मुरलेला माणूस जोमदार झाडावर ही दोन्ही कामे एकदम करतोही, पण पहिल्या झाडावर तो प्रयोग नको.

म्हणून आकार देणे आणि कुंडी बदलणे यांत निदान तीन-चार महिन्यांचे अंतर ठेवावे. आधी कोणते, हे रोप कधी आणले त्यावर ठरते. जानेवारीत आणलेले रोप महिनाभर नुसते सांभाळावे, फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये कुंडी बदलावी आणि आकार पावसाळ्यात द्यावा. ऑगस्टमध्ये आणले असेल तर आधी बेताने छाटणी करावी. कुंडी पुढच्या मार्चमध्ये. एक अपवाद मात्र आहे. घातलेले पाणी कुंडीत वरच साचून राहत असेल, तर आकाराचा विचार बाजूला ठेवून आधी माती बदलावी.

सुरुवातीला रोप कोणते घ्यावे? नांदरूक किंवा त्याच्या जातीचे फायकस सर्वांत सोशिक. वड, उंबर, बोगनवेल हीदेखील चांगली. जेडही सोपे आहे, पण त्याचे तंत्र थोडे निराळे.

आता आकार. रोप डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चारी बाजूंनी पाहावे. जिथून बुंध्याचा पाया रुंद आणि मुळांची पसरण छान दिसते, ती समोरची बाजू. मग समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्यांपैकी एक, आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि फांदीवरून सरळ वर गेलेल्या फांद्या काढाव्यात. सर्वांत खालची मुख्य फांदी साधारण झाडाच्या एकतृतीयांश उंचीवर असली की नजरेला बरी वाटते. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पाने कमी करू नयेत. फायकसला पांढरा चीक येतो. तो ओल्या फडक्याने टिपावा, डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि मुले आसपास असतील तर विशेष काळजी घ्यावी.

तार अॅल्युमिनियमची घ्यावी, जाडी फांदीच्या सुमारे एकतृतीयांश. ती ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी गुंडाळावी; फार घट्ट नको, फार सैलही नको. वाढीच्या दिवसांत फायकसची फांदी काही आठवड्यांतच फुगते आणि तार सालीत रुतते. तो वळ वर्षानुवर्षे जात नाही. दर आठवड्याला तार तपासावी आणि काढताना उलटी उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढावी.

आकार कोणता, यासाठी बरेच जण जपानी पुस्तकांतली पाइनची चित्रे समोर ठेवतात. नांदरुकाला पाइनचे रूप देणे म्हणजे कोल्हापुरी पैलवानाला किमोनो नेसवणे! त्यापेक्षा मैसूर रस्त्याने शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर, केतोहळ्ळीला जावे. तिथला ‘दोड्ड आलद मर’ म्हणजे मोठा वड सुमारे चारशे वर्षांचा मानतात. त्याचे मूळ खोड रोगाने केव्हाच गेले; आज तो पारंब्यांची खोडे होऊन सुमारे तीन एकरांवर पसरला आहे. फांद्या आडव्या कशा धावतात, पारंबी कुठे टेकते, हे तिथे तासभर पाहिले की तार कुठे वळवायची ते आपोआप सुचू लागते.

कुंडी बदलताना खरी मेख असते मातीत. बंगळुरूची लाल माती जमिनीत उत्तम, पण उथळ कुंडीत ती चिखलासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. एक भाग लाल माती, एक भाग चाळलेले कंपोस्ट आणि दोन भाग विटांचे तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे असे मिश्रण करावे. विटांची भुकटी चाळून टाकून द्यावी. वाळूऐवजी एम-सँड वापरायची असेल, तर जाड दाण्याची घेऊन आधी खळखळून धुवावी.

कुंडीच्या भोकांवर नायलॉनची जाळी ठेवून, त्यांतूनच झाड बांधायची तार वर काढावी. झाड बाहेर काढून जुनी माती बांबूच्या काडीने मोकळी करावी. खाली गेलेली जाड मुळे आखडावीत, बारीक तंतुमुळे जपावीत. एकूण मुळांचा तिसरा हिस्सा कापला तरी पुष्कळ झाला. मुळे आडवी पसरून झाड तारेने पक्के बांधावे, कारण हलत्या झाडाची नवी मुळे तुटतात. माती भरून काडीने मुळांच्या फटींत सारावी आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी घालावे. जेडला मात्र आठवडाभर पाण्याचा थेंबही नको. कापलेली मुळे सडतात.

मुळे कापणे हा झाडाचा छळ आहे, असे अनेक घरांत म्हटले जाते. खरे तर कुंडीत कोंडलेली मुळे न कापणे हाच छळ. वेटोळे घेत ती कुंडी भरून टाकतात आणि पाणी आत शिरेनासे होते.

यानंतर दोन-तीन आठवडे झाड सावलीत, पण बाहेरच ठेवावे; टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात नव्हे. महिना-दीड महिना खत नको. सुरुवातीला थोडी पाने गळाली तर घाबरून जास्त पाणी घालू नये. वरची माती बोटाला सुकी लागली की मगच घालावे. फांद्यांच्या टोकांना नवी कोवळी पाने फुटली की सकाळच्या उन्हात न्यावे आणि मग हळूहळू दिवसभराच्या. कुंडी पुन्हा बदलायची ती दोन वर्षांनी, मार्च महिना पाहून.